लहान कुत्र्यांच्या पिसवा आणि जंत : खर्च कमी, पण वजन मोजून

साताऱ्यात जून संपता संपता पाऊस स्थिरावतो, भिंतींना ओल धरते, वाळत घातलेले कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात आणि ज्यांच्या घरी कुत्रे आहे त्यांच्या बोलण्यात ठरलेली तक्रार येऊ लागते. कुत्रे रात्रभर खाजवते, शेपटीच्या मुळाशी स्वतःलाच चावत बसते आणि घरातल्या माणसांच्या घोट्यांवर लाल पुरळ उठते. आमच्या घरी लहान जातीची कुत्री पूर्वीपासून आहेत आणि त्यांच्या लसींची व औषधांची वही मी नेमाने ठेवते, त्यामुळे ओळखीचे लोक याबाबत मला विचारत असतात. बहुतेकांचा मूळ प्रश्न खर्चाचा असतो. औषधाच्या डबीवरची किंमत पाहून माणूस बिचकतो आणि मग गोठ्यातले उरलेले औषध, शेजाऱ्याने सांगितलेला उपाय किंवा मुलांसाठी आलेली जंताची गोळी यांच्याकडे वळतो. माझे अनुभवाअंती बनलेले मत असे आहे की, लहान कुत्र्यावर योग्य उपचार करणे सर्वांत स्वस्त असते आणि चुकीच्या उपचाराने त्याला विषबाधा होणे सर्वांत सोपे असते. दोन्हींचे कारण एकच आहे, ते म्हणजे त्याचे वजन.

म्हणून औषधाच्या दुकानात जाण्याआधी कुत्र्याचे वजन करावे. घरातल्या काट्यावर आधी एकट्याने उभे राहायचे, मग कुत्र्याला कडेवर घेऊन उभे राहायचे आणि वजाबाकी करायची, ही रीत पाच-सात किलोच्या कुत्र्यासाठी पुरेशी आहे. दोन-तीन किलोच्या पिल्लासाठी मात्र ती चालत नाही, कारण घरगुती काटा अर्धा किलो इकडेतिकडे दाखवू शकतो आणि तीन किलोच्या जिवात अर्धा किलो म्हणजे सहावा हिस्सा झाला. अशा वेळी किराणा दुकानदाराला विनंती करून त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पिल्लाला टोपलीत बसवून वजन करावे. सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाचे वजन प्रत्येक डोसाआधी नव्याने करावे लागते, कारण मागच्या महिन्याचा आकडा या महिन्यात उपयोगाचा राहत नाही.

आता पिसवांकडे वळते. कुत्र्याच्या अंगावर उड्या मारताना दिसतात त्या पिसवा म्हणजे घरातल्या एकूण संख्येचा अगदी लहान भाग असतो. अभ्यासक साधारण असा हिशेब मांडतात की प्रौढ पिसवा सुमारे ५ टक्के असतात आणि उरलेल्या ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोश यांच्या रूपाने घरात पसरलेल्या असतात. मादी पिसू रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते आणि दिवसाला ४० ते ५० पर्यंत अंडी देऊ शकते. ही अंडी गुळगुळीत असल्यामुळे केसांत टिकत नाहीत. कुत्रे जिथे झोपते, जिथे अंग झटकते, तिथे ती गळून पडतात. त्यांतून निघालेली अळी उजेड टाळत फरशीच्या सांध्यात, गादीच्या शिवणीत, पायपुसण्याखाली शिरते आणि प्रौढ पिसवांच्या विष्ठेतले वाळलेले रक्त खाऊन वाढते. त्यानंतर ती कोश विणते. हा कोश चिकट असतो, त्यावर धूळ आणि केस चिकटतात, त्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही आणि फवारलेले औषधही त्याच्या आत नीट पोचत नाही. उबदार, दमट हवेत अंड्यापासून पिसू होण्यास तीन-चार आठवडे पुरतात, परंतु कोशातली पिसू बाहेर न येता कित्येक महिने थांबूनही राहू शकते.

जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या ज्या कुटुंबांतले लोक मुंबईला असतात, त्यांना याचा प्रत्यय गणपतीला किंवा गावच्या जत्रेला येतो. महिनोन्‌महिने बंद असलेले घर उघडावे, आत चार पावले टाकावीत आणि पायांवर पिसवा चढाव्यात, असे कितीतरी जणांनी सांगितले आहे. घरात कुत्रे नाही, मांजर नाही, मग या आल्या कुठून, असा प्रश्न त्यांना पडतो. कधीकाळी त्या पडवीत एखादी कुत्री व्यालेली असते किंवा मांजर राहून गेलेले असते, कोश तिथेच पडून असतात, आणि माणसाच्या पावलांचा धक्का, अंगाची ऊब व श्वासातला कर्बवायू यांची चाहूल लागताच आतल्या पिसवा एकदम बाहेर पडतात. औषध घातल्यानंतरही दोन-तीन आठवडे नव्या पिसवा दिसत राहतात, त्यामागे हेच कारण असते. औषध खोटे निघाले असे समजून लोक याच टप्प्यावर ते बदलतात, पुन्हा पैसे घालवतात आणि कधीकधी एका औषधावर दुसरे औषध टाकून कुत्र्याला धोक्यात घालतात. एकदा सुरू केलेले औषध सलग तीन महिने ठरलेल्या अंतराने चालवले, तरच घरातली साखळी तुटते.

पिसवा आहेत की नाहीत हे तपासण्यासाठी एक पैसाही लागत नाही. उवांसाठी वापरतात तशी बारीक दातांची फणी घ्यावी, कुत्र्याला पांढऱ्या कपड्यावर उभे करावे आणि कमरेपासून शेपटीच्या मुळापर्यंत कातडीला टेकवून फणी फिरवावी. कपड्यावर मिरपुडीसारखे काळे कण पडतात. ते साधी धूळ आहेत की पिसवांची विष्ठा, हे ओळखण्यासाठी ओल्या कापसावर ते टिपून अर्धा मिनिट थांबावे. धूळ असेल तर कण काळाच राहतो. पिसवांची विष्ठा असेल तर कणाभोवती तांबूस-तपकिरी कडे उमटते आणि हळूहळू पसरते, कारण तो कण म्हणजे कुत्र्याचेच वाळलेले रक्त असते. आमच्या चिंगीचे केस दाट आणि पांढरे आहेत. तिच्या अंगावर एकही जिवंत पिसू हाती लागली नाही, तरी कापसावरचे हे तांबूस कडे मी पावसाळ्यात एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. फणीत पिसू सापडलीच तर ती नखाने चिरडू नये. साबणाच्या पाण्याची वाटी शेजारी ठेवून फणी तीत बुडवावी. साध्या पाण्यावर पिसू तरंगते, साबणाच्या पाण्यात बुडून मरते.

आठ आठवड्यांहून लहान पिल्लांसाठी तर फणी आणि कोमट पाण्याची आंघोळ हाच मुख्य उपचार समजावा, कारण मानेवर टाकायची बहुतेक औषधे त्या वयाला चालत नाहीत. फिप्रोनिल या पिसवा मारणाऱ्या औषधाचा ०.२५ टक्के तीव्रतेचा फवारा मात्र दोन दिवसांच्या पिल्लापासून वापरता येतो. तो किती मारायचा हे पशुवैद्यांकडून वजनानुसार ठरवून घ्यावे, आणि पिल्लू गारठणार नाही याची काळजी घ्यावी. आंघोळ घालताना आधी मानेभोवती फेसाचे कडे करावे आणि मगच बाकीचे अंग भिजवावे. तसे केले नाही तर पाणी लागताच पिसवा पळून कानांत आणि डोळ्यांभोवती जमा होतात. पिल्लाला पुसून पूर्ण कोरडे करणे आणि उबेला ठेवणे हे फार महत्त्वाचे आहे. पिसवांनी रक्त शोषल्यामुळे आधीच अशक्त झालेली पिल्ले गारठ्याने दगावतात.

घराच्या स्वच्छतेचा भाग कष्टाचा आहे, खर्चाचा नाही, आणि माझ्या मते निम्मी लढाई इथेच जिंकली जाते. आपल्याकडे कुत्र्याला झोपायला जुनी गोधडी देतात. गोधडी उबदार असते हे खरे, पण तिच्या थरांत आणि टाक्यांत अंडी व अळ्या सुरक्षित राहतात आणि पावसाळ्यात ती धुतली तर चार दिवस वाळत नाही. त्यापेक्षा जुन्या सुती साडीच्या किंवा चादरीच्या चार घड्या द्याव्यात. त्या दर आठवड्याला ६० अंश सेल्सियसच्या आसपासच्या गरम पाण्यात धुता येतात आणि लवकर वाळतात. अळीला दमटपणा लागतो. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की ती तगत नाही, आणि थेट ऊन तर तिला सोसतच नाही. म्हणून पावसाने उघडीप दिली की अंथरूण, पायपुसणी आणि सोफ्यावरच्या उशा गच्चीवर टाकाव्यात. जुन्या घरांत शहाबादी फरशीचे सांधे उघडे पडलेले असतात, ते सिमेंटने बुजवून घेणे हा मी सुचवीन असा एकमेव बांधकामाचा खर्च आहे. केर काढताना पलंगाखालचा आणि सोफ्यामागचा भाग रोज झाडावा आणि केर लगेच घराबाहेर न्यावा. घरात व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तमच, पण त्याची पिशवी त्याच दिवशी रिकामी करावी.

आता प्रत्यक्ष औषध. कमी खर्चाचा आणि बहुतेकांना परवडणारा पर्याय म्हणजे फिप्रोनिल असलेले मानेवर टाकायचे औषध. दहा किलोपर्यंतच्या कुत्र्यासाठी त्याची ०.६७ मिलिलिटरची नळी मिळते. ती महिन्यातून एकदा, दोन खांद्यांच्या मधोमध, केस बाजूला करून थेट कातडीवर रिती करावी लागते. तिथे कुत्र्याची जीभ पोचत नाही, म्हणून ती जागा. औषध टाकण्याआधी दोन दिवस आणि टाकल्यानंतर दोन दिवस आंघोळ घालू नये, कारण हे औषध कातडीतल्या तेलाबरोबर अंगभर पसरते आणि शाम्पूने ते तेलच निघून जाते. माझ्या पाहण्यात ‘औषध लागू पडले नाही’ अशा तक्रारींचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. लोक केसांवर औषध टाकतात आणि दुसऱ्या दिवशी कुत्र्याला न्हाऊ घालतात. एकच औषधी घटक अनेक कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात, त्यामुळे नाव न विचारता घटक विचारावा. त्याने किमतीत बराच फरक पडतो. मात्र मोठ्या कुत्र्याची नळी आणून ती दोन लहान कुत्र्यांत वाटण्याचा मोह टाळावा. थेंबांच्या अंदाजाने मात्रा विभागली जात नाही.

चघळायच्या गोळ्या, म्हणजे अफॉक्सोलानर किंवा फ्ल्युरालानर असलेल्या, महाग असतात, परंतु पिसवा आणि गोचीड या दोन्हींवर त्या चांगल्या चालतात आणि आंघोळीने त्यांचा परिणाम जात नाही. अफॉक्सोलानरची गोळी महिनाभर पुरते, फ्ल्युरालानरची पिसवांसाठी १२ आठवडे. ज्या कुत्र्याला पूर्वी कधी झटके आले आहेत त्याला या गटातली गोळी देण्याआधी पशुवैद्यांना ते स्पष्ट सांगितलेच पाहिजे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये या गटातल्या औषधांमुळे काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणे आणि झटके दिसल्याचा इशारा दिला होता. निरोगी कुत्र्यांत ही औषधे मोठ्या प्रमाणावर सुरक्षितपणे वापरली जातात, म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण पूर्वेतिहास लपवू नये.

घरात मांजर असेल तर तिच्यावरही त्याच दिवशी उपचार करावा लागतो. कुत्र्यांवर जगभर सर्वाधिक आढळणारी पिसू ही मुळात मांजराची पिसू म्हणूनच ओळखली जाते आणि तिला दोघांचे अंग सारखेच. परंतु कुत्र्याचे औषध मांजराला लावू नये. पर्मेथ्रिन असलेले कुत्र्याचे औषध मांजराचा जीव घेते.

ज्या ‘स्वस्त’ उपायांनी लहान कुत्री मरतात, त्यांविषयी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे. सातारा जिल्ह्यात घरोघरी नाही तरी वस्तीवस्तीवर गोठा आहे आणि गोठ्यात गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा अमिट्राझची बाटली असते. ती जनावराच्या तीन-चारशे किलो वजनाला बेतलेली असते. ‘टोपणभर’ या मापाने पाण्यात कालवून ती चार किलोच्या पॉमेरेनियनला चोळली, की ते तोंडातून फेस काढते, थरथरते किंवा सुस्त होऊन पडते. शिवाय अमिट्राझ हे गोचिडांचे आणि खरजेचे औषध आहे, पिसवांवर ते चालत नाही. जनावरांच्या जंतांसाठी वापरतात त्या आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनचेही तसेच आहे. १ टक्का तीव्रतेच्या त्या औषधाच्या दर मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम घटक असतो, म्हणजे लहान कुत्र्यासाठी मोजायची मात्रा सिरिंजच्या एखाद-दुसऱ्या बारीक रेघेएवढी येते आणि तिथे हात जरा चुकला की दुप्पट-तिप्पट होते. कोली ही कुत्र्यांची जात आणि तिच्या जवळच्या जातींना तर आनुवंशिक कारणाने हे औषध मेंदूपर्यंत पोचून बाधते. आणि एवढे करूनही नेहमीच्या मात्रेत ते पिसवांवर उपयोगी नाही.

रॉकेल चोळणे, तंबाखूच्या पाण्याने धुणे, फिनेलच्या पाण्याची आंघोळ घालणे आणि अंथरुणात डांबरगोळ्या ठेवणे हे चारही उपाय मी पूर्णतः बंद करावेत असे म्हणेन. रॉकेलने कातडी भाजते आणि कुत्रे ते चाटते. तंबाखूतले निकोटिन कातडीतूनही भिनते. फिनेल आणि डांबरगोळ्या ही तर उघड विषे आहेत. काहीजण लसूण खाऊ घालतात. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, त्यामुळे पिसवांनी रक्त कमी झालेल्या कुत्र्याचे रक्त आपण आणखी कमी करतो. कडुनिंबाचा पाला अंथरुणाखाली घालायला हरकत नाही, पण तेवढ्याने पिसवा जातील अशी आशा ठेवू नये.

पिसवा आणि जंत यांचा विचार एकत्र करावा लागतो, कारण कुत्र्याच्या पोटातल्या एका नेहमीच्या पट्टकृमीचे, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताचे, वाहन पिसूच असते. या कृमीचे तुकडे कुत्र्याच्या शीतून बाहेर पडतात, त्यांतली अंडी पिसूची अळी खाते, अळी मोठी होऊन पिसू बनते तोवर तिच्या पोटात कृमीचे बीज तयार झालेले असते, आणि खाज सुटल्यावर अंग चावताना कुत्रे ती पिसू गिळते. दोन ते चार आठवड्यांत कुत्र्याच्या शेपटीखालच्या केसांवर किंवा त्याच्या अंथरुणावर शिजलेल्या तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे तुकडे दिसू लागतात. ताजा तुकडा नीट पाहिला तर तो आखडतो आणि लांबतो. तासाभराने वाळून पिवळसर, कडक कणासारखा होतो. मालक तो भाताचा कण समजून झटकून टाकतो. कुत्रे बूड जमिनीवर घासत चालते हेही एक लक्षण आहे, जरी गुदग्रंथी भरल्यामुळेही ते तसे करते.

यावर प्राझिक्वांटेल हे औषध आहे, दर किलो वजनाला ५ मिलिग्रॅम. ते आतल्या कृमींना एका दिवसात मारते, पण त्याचा परिणाम मागे उरत नाही. म्हणजे आज गोळी दिली आणि अंगावरच्या पिसवा तशाच ठेवल्या, तर महिनाभरात पुन्हा तेच तुकडे दिसतील आणि पुन्हा गोळी आणावी लागेल. दोन्ही उपचार एकाच आठवड्यात केले तर एकाच खर्चात भागते. फेनबेंडॅझोल हे बऱ्याच जंतांवरचे चांगले औषध आहे, परंतु पिसवांमुळे होणाऱ्या या पट्टकृमीवर ते चालत नाही, हे दुकानातून औषध घेताना ध्यानात ठेवावे.

पिल्लांचे जंत ही वेगळी आणि अधिक तातडीची गोष्ट आहे. गोल जंतांच्या अळ्या आईच्या शरीरात दडून असतात, ती गाभण राहिली की गर्भातल्या पिल्लांपर्यंत पोचतात आणि पुढे दुधातूनही जातात. म्हणून जन्मल्यापासून घराबाहेर न गेलेल्या पिल्लालाही जंत असतात, याचे आश्चर्य वाटू नये. पोट फुगलेले, बरगड्या दिसणाऱ्या, केस निस्तेज झालेले पिल्लू ‘चांगले खाते आहे, पोट बघा कसे भरले आहे’ म्हणून कौतुकाने दाखवले जाते, तेव्हा मला फार वाईट वाटते. अंकुशकृमी त्याहून धोक्याचे आहेत. ते आतड्याला चिकटून रक्त पितात, शी काळपट डांबरासारखी होते आणि हिरड्या पांढऱ्या पडतात. पिल्लाला जंताचे पहिले औषध दोन आठवड्यांच्या वयाला द्यावे, मग दर दोन आठवड्यांनी दूध तुटल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत, त्यानंतर सहा महिने पूर्ण होईपर्यंत दर महिन्याला आणि पुढे आयुष्यभर साधारण दर तीन महिन्यांनी, असा क्रम पशुवैद्यक सांगतात. पिल्ले अंगावर पित असतील तर आईलाही त्यांच्याबरोबर औषध द्यावे. लहान पिल्लांसाठी पायरंटेल आणि फेबेंटेल असलेले पातळ औषध मिळते, जे सामान्यतः दर किलोला १ मिलिलिटर या मापाने देतात. त्यासाठी सुई काढलेली सिरिंज वापरावी, चमचा नव्हे.

मोठ्या कुत्र्यांसाठी प्राझिक्वांटेल, पायरंटेल आणि फेबेंटेल यांची एकत्र गोळी मिळते. तिची नेहमीची एक गोळी १० किलो वजनासाठी असते, त्यामुळे पाच किलोच्या कुत्र्याला अर्धी पुरते. गोळीवर तोडण्याची खूण असते. ज्यांच्या घरी दोन लहान कुत्री आहेत त्यांचे एका गोळीत काम होते, हा लहान कुत्रे पाळण्याचा खरा फायदा आहे. पाकिटावर दर गोळीमागे किती किलो हे वाचून घ्यावे, कारण सगळ्या कंपन्यांच्या गोळ्या सारख्या तीव्रतेच्या नसतात. गोळी कशात लपवायची हा साताऱ्यात अवघड प्रश्न नाही, कंदी पेढ्याचा हरभऱ्याएवढा तुकडा बहुतेक कुत्री डोळे मिटून गिळतात, तरी माझी पसंती उकडलेल्या अंड्याला आहे. तासगावचे बेदाणे घरात असतील तर गोळी त्यात मात्र खुपसू नये. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

शाळा-अंगणवाड्यांत राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मुलांना अल्बेंडॅझोलची गोळी देतात. ती मोहीम मुलांसाठी मोलाची आहे. परंतु उरलेली गोळी कुत्र्याला द्यावी असे कोणी सुचवले तर स्पष्ट नकार द्यावा. ४०० मिलिग्रॅमची ती गोळी चार किलोच्या कुत्र्याला दिली, तर दर किलोला १०० मिलिग्रॅम होतात आणि अल्बेंडॅझोल कुत्र्यांच्या अस्थिमज्जेला बाधून रक्तपेशींची निर्मिती थांबवू शकते.

दर तीन महिन्यांनी डोळे मिटून गोळी देण्याऐवजी शी तपासून घेण्याचाही मार्ग आहे. सुपारीएवढी ताजी शी स्वच्छ डबीत घालून त्याच दिवशी न्यावी. मिठाच्या किंवा साखरेच्या दाट द्रावणात ती ढवळली की जंतांची अंडी वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. पट्टकृमीची अंडी तुकड्यांत बंद असल्यामुळे या तपासणीत अनेकदा निसटतात, म्हणून तांदळासारखे तुकडे दिसले असतील तर ते तोंडी सांगावे. शासनाच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत गाई-म्हशींबरोबर कुत्रीही पाहतात आणि शुल्क खासगीपेक्षा पुष्कळ कमी असते. दुखणे गुंतागुंतीचे असेल तर आपल्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, ही सोय पुष्कळांना माहीतच नसते. खासगी दवाखान्यात गेलात तरी एक सांगणे आहे. ‘स्वस्त काही द्या’ असे मोघम न म्हणता महिन्याला किती खर्च झेपेल ते मोकळेपणाने सांगावे. चांगले पशुवैद्य त्याप्रमाणे घटक निवडून देतात.

माण आणि खटावकडे, जिथे मेंढपाळी मोठी आहे, तिथल्या वाचकांसाठी वेगळी सूचना करते. मेंढी कापल्यावर फुफ्फुस किंवा काळजाचा पाण्याने भरलेल्या गाठीचा भाग कुत्र्यांपुढे टाकण्याची सवय आहे. त्या गाठींत एका अतिशय लहान पट्टकृमीचे बीज असते. कुत्र्याच्या पोटात तो काही मिलिमीटरचाच होतो आणि कुत्र्याला त्याचा काही त्रास दिसत नाही, पण त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या यकृतात किंवा फुफ्फुसात तशाच गाठी वाढतात आणि त्यासाठी अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून कच्चे अवयव कुत्र्याला मुळीच देऊ नयेत. उकळून शिजवलेले द्यावेत आणि गाठी आलेला भाग पुरून टाकावा. ज्या कुत्र्यांना कच्चे मिळतच राहते, त्यांना तीन महिन्यांची वाट न पाहता दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल द्यावे लागते.

घरात लहान मुले असतील तर कुत्र्याची शी अंगणातून रोज उचलणे हा सर्वांत स्वस्त प्रतिबंध आहे. गोल जंतांची अंडी शीतून पडल्याबरोबर संसर्ग करत नाहीत. मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यावर ती तशी होतात आणि मग वर्षानुवर्षे टिकतात. त्या मातीत खेळून हात न धुता मुलाने खाल्ले, तर अळ्या त्याच्या यकृतात किंवा डोळ्यांतही जाऊ शकतात. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात आणि वळणावळणाची लाल, खाजरी रेघ उठते. कुत्र्यामुळे रोग होतो असे म्हणून लोक पिल्लाला रस्त्यावर सोडून येतात, तेव्हा या दोन सवयी, शी उचलणे आणि हात धुणे, त्यांना कोणीच सांगितलेल्या नसतात.

वर्षाचा खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर साताऱ्याच्या हवेप्रमाणे आखणी करता येते. जंताचे औषध मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर असे ठरवून कॅलेंडरवर खूण करावी. पिसवांचे औषध मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाआधी सुरू करावे आणि ऑक्टोबर संपेपर्यंत न चुकता दर महिन्याला द्यावे. कोरड्या महिन्यांत फणीची तपासणी दर आठवड्याला करावी आणि कापसावर तांबूस कडे दिसले तरच औषध आणावे. गोचिडांचा त्रास असलेल्या भागात मात्र ही सवलत घेऊ नये, कारण गोचीड ताप उन्हाळ्यातही येतो आणि त्याचा उपचार वर्षभराच्या औषधांपेक्षा महाग पडतो. आमच्या आळीत चार घरांची लहान कुत्री आहेत. आम्ही नळ्यांचा मोठा खोका एकत्र घेतो आणि ज्या दिवशी एकाच्या कुत्र्याला औषध लागते त्याच दिवशी सगळ्यांच्या कुत्र्यांना लावतो, त्यामुळे एकाच्या अंगणातल्या पिसवा दुसऱ्याकडे जाण्याचा प्रकार थांबला आहे. आळीतल्या भटक्या कुत्रीलाही, ती जवळ येऊ देते तेव्हा, आम्ही वर्गणीतून औषध लावतो.

काही प्रसंगी पैशाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. कुत्र्याचा ओठ उचलून हिरडी पाहावी. ती गुलाबी न दिसता पांढरी किंवा पिवळट दिसली, शी काळी किंवा रक्ताची झाली, पिल्लू दूध ओढेनासे झाले किंवा उलटीतून जंत पडले, तर घरी गोळी देऊन वाट पाहू नये. औषध लावल्यानंतर लाळ गळू लागली, अंग थरथरू लागले किंवा पाय लटपटू लागले, तर भांडी घासायच्या पातळ साबणाने कोमट पाण्यात लगेच धुवून काढावे, चाटू देऊ नये, आणि औषधाचे रिकामे पाकीट बरोबर घेऊन दवाखान्यात जावे. पाकिटावरचा घटक दिसला की डॉक्टरांना उपचार ठरवायला वेळ लागत नाही.